गुरुवारची फूट ओपीडी : आठ महिन्यांनंतर

मिक्सर, गाद्या, इन्व्हर्टर यांचे 'वापरानंतरचे अनुभव' मी पुष्कळ वाचलेत आणि त्यांच्या भरवशावर खरेदीही केली आहे. हा अनुभव मात्र एका ओपीडीचा आहे. पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात दर गुरुवारी मधुमेहाच्या पायांची ओपीडी भरते. मागच्या डिसेंबरपासून आम्ही तिचं गिऱ्हाईक आहोत. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ६७, तासगाव भागात द्राक्षबाग. शुगर एकोणीस वर्षांची. ऑक्टोबरात फळछाटणीच्या दिवसांत मांडवाच्या तारेचा एक तुकडा चपलेच्या तळातून आत आला आणि अण्णा दिवसभर त्यावर चालले. कळलंच नाही. संध्याकाळी आईने फरशीवरचे लाल ठसे पाहिले तेव्हा कळलं. अण्णांचं म्हणणं एकच, "मला कुठं दुखतंय? काय बी न्हाई." न दुखणं हाच रोग होता, हे आम्हाला दोन महिन्यांनी समजलं.

त्या दोन महिन्यांत हयगय कोणीच केली नाही, हे आधी सांगते. एक सर्जन जखम बघत होते, रोज ड्रेसिंग होत होतं, पेरॉक्साइड ओतलं की फेस यायचा आणि आम्हाला वाटायचं घाण निघतेय. फिजिशियन शुगरचा रिपोर्ट बघून गोळ्या वाढवत होते, पण मोजा काही त्यांनी कधी काढायला लावला नाही. पाय सर्जनचा, शुगर फिजिशियनची आणि चालणं अण्णांचं स्वतःचं. जखमेपर्यंत रक्त पोचतंय का, हे कोणी तपासलं नाही, आणि त्या पायावर उभं राहू नका असंही कोणी ठासून सांगितलं नाही. तीन अँटिबायोटिक्स झाली. डिसेंबरात पाय सुजून लाल झाला, वास येऊ लागला आणि उत्तर मिळालं : गुडघ्याखालून काढावा लागेल.

दादाने तयारी केली होती. मी म्हटलं, एकदा पुण्याला दाखवू.

पहिल्या गुरुवारी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. एकाच खोलीत, एकाच पलंगाभोवती सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन, शुगरच्या मॅडम, ड्रेसिंगच्या सिस्टर आणि मागे भिंतीला टेकून प्लास्टरवाले काका. सगळ्यांनी तोच पाय, त्याच वेळी पाहिला. सिस्टरांनी नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून विचारलं, "लागतंय का?" अण्णा डोळे मिटून "लावा तर" म्हणाले. दोरा तेव्हा टेकलेलाच होता. हा दोरा वाकतो तेव्हा बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. तोही कळत नसेल तर तारही कळणार नाही.

मग सर्जननी जखमेत बोथट सळई घातली. टक् असं लागलं. हाड. दंडाचा आणि घोट्याचा बीपी घेऊन त्यांचं गुणोत्तर काढलं, ते १.४ आलं. मी मनात खूश झाले, आकडा मोठा म्हणजे रक्त भरपूर. रक्तवाहिन्यांच्या सरांनी मान हलवली. शुगरच्या जुन्या पेशंटच्या शिरा चुना साचून कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जातच नाहीत, म्हणून आकडा फसवा येतो. त्यांनी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घेतला. २८ आला. तिशीच्या खाली जखम भरायची आशा फार कमी, असं ते म्हणाले.

इथे मला या ओपीडीची खरी किंमत कळली. तज्ज्ञ आम्हाला आधीही मिळाले होते, नव्हता मिळाला तो क्रम. प्लास्टरवाले काका जखमेवरचा भार कमी करणारं प्लास्टर घालायला तयारच होते, त्यांना थांबवलं. रक्तच पोचत नाही अशा पायाला प्लास्टर घातलं तर आत काय होईल ते दिसणारही नाही. रक्ताची वाट मोकळी करायला अँजिओप्लास्टी लगेच करायची तर आत पू साठलेला. म्हणून त्याच दिवशी पू काढला, हाडाचा आणि खोलवरच्या मांसाचा तुकडा लॅबला गेला. आधी आमच्याकडे जखमेच्या वरवर कापूस फिरवून नमुना घेत असत. त्यात त्वचेवरचे भलतेच जंतूही सापडतात, हे इथे समजलं. पाचव्या दिवशी अँजिओप्लास्टी, मग मेलेला भाग पुन्हा साफ, मग व्हॅक्यूम ड्रेसिंग (जखमेतलं पाणी मशीनने खेचून घेणारं), मग सगळ्यात शेवटी प्लास्टर. हा क्रम जखमेजवळ उभ्या उभ्या दहा मिनिटांत ठरला.

भांडणंही झाली, आणि ती आमच्यासमोर झाली हे उत्तमच. अण्णांचं क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडनी आधीच थकलेली. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी दिसावी म्हणून सोडतात तो डाय किडनीला झेपेल का, यावर किडनीचे सर आणि रक्तवाहिन्यांचे सर यांचा चांगलाच आवाज चढला. शेवटी आदल्या रात्रीपासून सलाइन, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद आणि डाय कमीत कमी, यावर तोड निघाली. या दोघांना आम्ही दोन वेगळ्या दवाखान्यांत गाठलं असतं तर एकाने 'करा' म्हटलं असतं, दुसऱ्याने 'करू नका', आणि निर्णय दादाने घेतला असता. दादा कृषी सेवा केंद्र चालवतो.

अँजिओप्लास्टीनंतर अंगठ्याचा दाब ५८. सरांनी अण्णांना एवढंच सांगितलं, "मी फुगा घालून वाट मोकळी केलीय. तुम्ही तंबाखूने ती पुन्हा बुजवणार असाल तर मला आताच सांगा." पुडी सुटली. सुटली म्हणजे मला दिसेनाशी झाली, आणि मार्चमध्ये आईच्या बटव्यात सापडली. तो विषय वेगळा.

या कल्पनेचं मूळ मी नंतर शोधून वाचलं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात मायकेल एडमंड्स यांनी १९८१ मध्ये असं फूट क्लिनिक सुरू केलं. डॉक्टर, सर्जन, नर्स, पायांची निगा राखणारे आणि बूट बनवणारेसुद्धा एका छपराखाली आणले. १९८६ मध्ये त्यांनी अनुभव छापला, तेव्हा मोठ्या अँप्युटेशनचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. प्लास्टरचा धागा मात्र आपल्याकडचा निघाला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करत होते. पायात संवेदनाच नसेल तर माणूस जखमेवरच चालत राहतो, म्हणून प्लास्टरने पायावरचा भार सगळीकडे वाटून टाकायचा. मधुमेहाच्या पायालाही हेच लागू पडतं. आमचे चप्पलवाले काका ज्यांच्या हाताखाली शिकले तेही कुष्ठरुग्णांच्या चपला बनवत. एवढं सगळं आपल्या आसपास असून आम्ही दोन महिने फेस बघत बसलो होतो.

आता ड्रेसिंगच्या सिस्टर. या सगळ्या टोळीचा कणा कोण म्हणाल तर त्या. प्रत्येक पेशंटची एक जाडी वही असते, तीच सगळे वाचतात आणि तीत लिहायला सगळ्यांना त्याच लावतात. दर गुरुवारी जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो, लांबी, रुंदी, खोली. आम्ही घरी आलो तेव्हा ४ बाय ३ सेंटिमीटर, चार आठवड्यांनी अडीच बाय दोन. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर काहीतरी चुकतंय असं समजून सगळी टीम पुन्हा बसते, असा त्यांचा नियम. आमचं निम्म्याहून कमी झालं तेव्हा सिस्टरांनी अण्णांना टाळी दिली.

त्यांच्यापासून काही लपत नाही. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला नवं प्लास्टर असायचं. एकदा जुनं कापताना त्याचा तळ निरखत म्हणाल्या, "अण्णा, चालणं झालंय. खरं सांगा."

"बाथरूमपुरतंच की हो."

"बाथरूम काय चांदणी चौकात आहे का?"

त्या आठवड्यात ते गुपचूप स्वारगेटपर्यंत जाऊन आले होते, गावच्या गाडीची चौकशी करायला. बागेत द्राक्षं उतरायला आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ते काढणीला नव्हते. दिवसभर फोन. "कुठल्या ओळीपर्यंत आलाय?" रात्री गप्प. या टीममध्ये मन बघणारं कोणी नाही, ही माझी पहिली तक्रार. पाय वाचवताना माणूस खचतो, त्याची नोंद त्या जाड्या वहीत कुठेच नव्हती.

दुसरी तक्रार आहाराची. आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या दिवशी छापील कागद दिला : ओट्स, अंडी, मासे, ऑलिव्ह ऑइल. अण्णा माळकरी. विचारलंच नाही. वर त्या म्हणाल्या प्रोटीन वाढवा, किडनीचे सर म्हणाले बेताने. सिस्टरांनी दोघांना एका गुरुवारी समोरासमोर आणलं, तेव्हा कुठे मूग, मटकी, दही, पनीर असं वजनासकट लिहून मिळालं. मॅडमनी नंतर चूक मोकळेपणाने मान्य केली आणि आता त्या आधी गळ्यातली माळ बघतात.

तिसरी तक्रार जड आहे. ही टीम गुरुवारी दहा ते दोन एवढीच टीम असते. मार्चमधल्या एका रविवारी रात्री अण्णांना ताप आला आणि प्लास्टरच्या आत नडगीला घासतंय असं आईला वाटलं. त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे प्लास्टर कशासाठी तेच माहीत नव्हतं. "फ्रॅक्चर कधी झालं?" असं तीनदा विचारलं. वही ओपीडीच्या कपाटात कुलूपबंद. शेवटी सिस्टरांना घरी फोन केला, त्यांनी फोनवरून प्लास्टर कापायला लावलं. नडगीला खरचटलं होतं, ताप वेगळ्याच कारणाचा निघाला. पण तो प्लास्टरचा आठवडा वाया गेला. तेव्हापासून मी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवते. तुम्हीही काढा.

आणि बिलिंगचा काउंटर या टीममध्ये अजिबात नाही. पलंग एक, पाय एक, पण केसपेपर पाच आणि फीदेखील पाच. खर्च विचारणाऱ्यांसाठी : अँजिओप्लास्टी आणि ऍडमिशन मिळून पावणेतीन लाख, त्यातला बराचसा भाग विम्याने दिला. ओपीडीतलं ड्रेसिंग, प्लास्टर, चप्पल यांतलं काहीच आमच्या पॉलिसीत बसलं नाही. ते साधारण सत्तर हजार, शिवाय रिक्षा. व्हॅक्यूम ड्रेसिंग दर तीन दिवसांनी बदलायचं, प्रत्येक वेळी चार हजार. त्याचा दाब पाऱ्याच्या उणे १२५ मिलिमीटरवर लावलेला असतो आणि मशीन रात्रभर घुरघुरतं. आई म्हणायची, घरात आता दोघं घोरतात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जखम बंद झाली. पेढे नेले तर सिस्टर म्हणाल्या, "बरी झाली म्हणू नका, शांत झालीय म्हणा." वर्षभरात शंभरातल्या चाळीसेक जणांची पुन्हा उघडते. म्हणून चप्पल. मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली. पहिली काळी, वेल्क्रोची होती, अण्णांनी हात लावला नाही. मग चप्पलवाल्या काकांनी तसलाच तळ ठेवून वरून कोल्हापुरीच्या रंगाचं चामडं लावलं, चपलेचा अंगठा काढून टाकला. ती चालली. घरातही अनवाणी फिरायचं नाही म्हटल्यावर देवघराचा प्रश्न आला. तेव्हा सिस्टरांनीच सुचवलं, देवघरापुरती वेगळी जोडी ठेवा, ती बाहेर न्यायचीच नाही. विठ्ठलाची हरकत नसावी.

आता अण्णा गावी आहेत. 'अण्णांचा पाय' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यात सिस्टर, मी, दादा आणि गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर, ज्यांना सिस्टरांनी व्हिडिओ कॉलवर पेरॉक्साइड सोडायला लावलं. रोज रात्री आई कपाळाला लावायच्या थर्मामीटरसारखं एक यंत्र दोन्ही तळव्यांना धरते. एकाच जागी दोन्ही पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला तर चालणं बंद आणि फोन. जुलैत फरक २.४ आला. अण्णा नेहमीप्रमाणे, "मला कुठं दुखतंय?" आई या खेपेला ऐकेना. गुरुवारी नेलं, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा झाला होता आणि त्याखाली रक्ताचा बारीक ठिपका. सिस्टरांनी घट्टा तासला, काकांनी चपलेच्या तळात तेवढ्या जागी खळगा केला. काम वीस मिनिटांचं, केसपेपरच्या रांगेत दीड तास.

स्टार द्यायचेच तर पाचातले चार. कापलेला एक रविवार रात्रीचा.

फळछाटणी आता जवळ आलीय. अण्णांनी गड्याकडून बांबूच्या टोकाला स्पीकरमधलं जुनं चुंबक बांधून घेतलंय. रोज सकाळी ओळीओळीने फिरवतात, तारांचे तुकडे वेचायला. काल अर्धा डबा भरल्याचा फोटो ग्रुपवर आला. सिस्टरांनी खाली विचारलंय, "फोटो कोणी काढला? आणि तुम्ही कोणत्या चपलेत आहात?"