थीम करणाऱ्याला कसं सांगावं: फोनवरचा फोटो, स्क्रीनशॉट आणि नोंद, समोरासमोर की थेट कोडमध्ये बदल?

ओळखीतल्या एखाद्या मुलानं लिनक्ससाठी स्वतःची डेस्कटॉप थीम (म्हणजे विंडो, बटणं, रंग यांचं रूप) करायला घेतली आहे, काम अजून अर्ध्यावर आहे आणि तो म्हणतो, “काका, थोडे दिवस वापरून बघा की, काय खटकतंय ते सांगा.” विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठच बेळगावात आहे, त्यामुळे अशी मुलं आपल्याकडं कमी नाहीत. प्रश्न आपला असतो. ऑनलाईन सेंटर, डीटीपीचं दुकान, शाळेचं किंवा वकिलाचं ऑफिस सांभाळत आपण त्याला हे सांगायचं कसं?

मार्ग चार आहेत: फोनवरून फोटो आणि व्हॉइस मेसेज, स्क्रीनशॉट आणि लेखी नोंद, समोरासमोर बसून दाखवणं, आणि येत असेल तर स्वतःच कोड बदलून पाठवणं. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरावा आणि निदान एकदा तरी तिसरा. पण कोणताही मार्ग घेतला तरी सीमाभागातल्या माणसानं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दुसरं कुणी सांगणार नाही. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आपली स्क्रीन वेगळी आहे

आपल्या सेंटरमधल्या मशीनवर एकाच वेळी नाडकचेरीचा (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीचा) कन्नड फॉर्म, मराठी लग्नपत्रिका आणि इंग्रजी नावाची पीडीएफ उघडी असते. थीम करणारा कितीही हुशार असला तरी त्याच्या लॅपटॉपवर फोल्डरांची नावं बहुधा इंग्रजीच असतात. त्याला सगळं नीटनेटकं दिसतं, ते त्यामुळेच.

तपासायला एक सोपी युक्ती आहे. एक रिकामं फोल्डर करा आणि त्यात आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या नावांची फोल्डरं करा, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. मराठीतलं सौंदत्ती घ्या: औकाराच्या मात्रा आणि त्यांच्यावर अनुस्वार. रामदुर्गमध्ये वर रफार आणि खाली उकार. कन्नडमध्ये निप्पाणी, चिक्कोडी, हुक्केरी, कित्तूर ही नावं लिहिली की जोडाक्षराचं दुसरं अक्षर ओळीच्या खाली उतरतं. एवढ्या नावांत वरचा आणि खालचा, दोन्ही काठ तपासून होतात.

आता प्रत्येक फोल्डर वेगळ्या विंडोत उघडा आणि टायटल बार, म्हणजे विंडोच्या वरची नावाची पट्टी, बघा. एक्सएफसीई या लिनक्सच्या हलक्या डेस्कटॉपमध्ये (लिनक्स मिंटबरोबरही तो मिळतो) टायटल बारची उंची थीममधल्या छोट्या चित्रांच्या उंचीवरून ठरते, अक्षरांवरून नाही. नाजूक दिसावं म्हणून त्यानं ती चित्रं बुटकी केली असतील, तर इंग्रजी नाव त्यात आरामात बसतं, पण सौंदत्तीचा अनुस्वार वरून आणि हुक्केरीचं खालचं अक्षर खालून कापलं जाऊ शकतं. बटणं आणि मेनूंमध्ये हा त्रास कमी असतो, कारण तिथं जीटीके (बटणं, मेनू काढणारी लायब्ररी) फॉन्टच्या उंचीप्रमाणे जागा वाढवतं. म्हणून आधी टायटल बार तपासा, नंतर पॅनेलमधली, म्हणजे स्क्रीनच्या काठच्या पट्टीतली, विंडोंची यादी.

दुसरी जागा म्हणजे पॅनेलवरचं भाषेचं चिन्ह. मराठी, कन्नड आणि इंग्रजी कीबोर्ड दिवसभर बदलत राहणाऱ्या माणसाला घड्याळापेक्षा ते चिन्ह जास्त लागतं. आयबस या कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कीबोर्ड लेआउटच्या अक्षरांचा रंग मुळात गडद निळसर असतो. काळ्या पॅनेलवर तो जवळपास बुडतो, आणि कन्नड कीबोर्ड चालू आहे की मराठी ते अक्षर टाईप झाल्यावरच कळतं. हा रंग आयबसच्या सेटिंगमधून बदलता येतो, थीममधून नाही. तरीही त्याला कळवा, कारण पॅनेल किती काळं ठेवायचं हे त्याच्या हातात आहे.

फोनवरचा फोटो आणि व्हॉइस मेसेज

सगळ्यात सोपा मार्ग, आणि रंगाच्या बाबतीत सगळ्यात फसवा. फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या हिशोबानं ठरवतो, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि स्क्रीनच्या बारीक रेषांवर लाटांसारखे पट्टे उमटतात. असा फोटो पाठवून “राखाडी रंग हिरवट दिसतोय” म्हटलं, तर तो बिचारा थीममध्ये नसलेला हिरवा शोधत बसेल.

एका ठिकाणी मात्र फोटो स्क्रीनशॉटला हरवतो. स्क्रीनशॉटमध्ये नुसते पिक्सेल असतात. तुमची स्क्रीन कशी आहे आणि तिच्यावर उजेड कुठून पडतो हे त्यात येत नाही. रस्त्याकडं तोंड असलेल्या काउंटरवर सकाळचं ऊन, स्वस्त लॅपटॉपची बाजूनं बघितलं की फिकट होणारी स्क्रीन, रात्री रेडशिफ्टनं (स्क्रीन उबदार करणाऱ्या प्रोग्रॅमनं) आलेला पिवळेपणा, यातलं काहीच स्क्रीनशॉटला दिसत नाही. तेव्हा तक्रार उजेडाची असेल तर फोटो जरूर काढा, थोडं मागं सरून काढा, खिडकीही त्यात येऊ द्या.

व्हॉइस मेसेज पहिल्या दिवशीच्या पहिल्या प्रतिक्रियेपुरता ठीक. महिन्यानं “पॅनेलबद्दल काय म्हणाला होतात?” असं त्यानं विचारलं तर सगळे मेसेज पुन्हा ऐकावे लागतात.

स्क्रीनशॉट आणि लेखी नोंद

वेळ थोडा लागतो, पण दिलेल्या प्रत्येक मिनिटाचा उपयोग होतो. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.

पहिली: “कलर जरा फिका वाटतोय.”

दुसरी: “थुनारमध्ये (फाईल मॅनेजरमध्ये) फाईल निवडून दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं की निवडलेल्या ओळीचा रंग मागच्या पांढऱ्यात मिसळतो. परत आल्यावर कोणती फाईल निवडली होती ते शोधावं लागतं. मिंट २२, एक्सएफसीई, १३६६ × ७६८, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ११.”

पहिल्या नोंदीवर त्याला अंदाज बांधावा लागतो. दुसरी वाचल्यावर तो थेट योग्य ओळीवर जातो, कारण मागे गेलेल्या विंडोचे रंग थीममध्ये वेगळे लिहिलेले असतात आणि नवा माणूस नेमके तेच विसरतो. दुसऱ्या नोंदीत काम काय अडलं तेही आहे. रंग बदलायचा की जाड कड द्यायची हे त्यानं ठरवावं. काय अडतंय ते आपण सांगावं.

नोंद लिहिताना दोष कोणत्या थरातला आहे तेही लिहा. एक्सएफसीईमध्ये विंडोच्या आतलं रूप ‘अपिअरन्स’ सेटिंगमधून येतं, टायटल बार आणि कडा ‘विंडो मॅनेजर’मधून, आणि आयकॉनची थीम ‘अपिअरन्स’मध्येच, पण वेगळी निवडली जाते. मिंटच्या सिनॅमन या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पॅनेल आणि मुख्य मेनूची थीम पुन्हा निराळी. नुसतं “वरची पट्टी” म्हटलं की त्याला तीन फायली धुंडाळाव्या लागतात.

स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे रंग तसेच पोचतात. उघडलेल्या मेनूचा स्क्रीनशॉट हवा असेल तर प्रिंट स्क्रीनची कळ अनेकदा दाद देत नाही, कारण कीबोर्ड त्या मेनूच्या ताब्यात असतो. स्क्रीनशॉटच्या प्रोग्रॅममध्ये पाच सेकंद थांबायची सोय असते. ती लावा आणि तेवढ्यात मेनू उघडा.

वाचायला त्रास होतो ही तक्रार असेल तर आकडा देता येतो. वेबसाठीचे सुगम्यतेचे जे सर्वमान्य निकष आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ असावा आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो, असं म्हटलं आहे. डेस्कटॉपलाही ती पट्टी लावायला हरकत नाही. पांढऱ्यावर ‘हॅश ७७७७७७’ हा राखाडी घेतला तर कॉन्ट्रास्ट ४.४८ येतो, म्हणजे थोडक्यात नापास. ‘हॅश ७६७६७६’ घेतला की ४.५४, म्हणजे पास. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून रंगाचा कोड काढून कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या साधनात घालून बघावा. तरी माझा आग्रह असा की आपल्या लिप्यांसाठी ४.५ वर समाधान मानू नका. लहान आकारात रफार, अनुस्वार आणि कन्नडची खालची अक्षरं इतकी बारीक होतात की इंग्रजी वाचता येईल अशा राखाडी रंगातही ती पुसट होतात. ‘सौंदत्ती’चा अनुस्वार हातभर अंतरावरून स्पष्ट दिसतो का, हे मी त्या आकड्याहून मोठं मानतो.

आणखी एक. काही प्रोग्रॅम नवी थीम लावली तरी जुन्याच रूपात राहतात. त्याचा दोष थीम करणाऱ्याला देऊ नका. ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपचे बरेच नवे प्रोग्रॅम लिबअद्वैता ही स्वतःची लायब्ररी वापरतात आणि बाहेरची थीम मानत नाहीत. लिनक्स मिंटवाल्यांनी २०२४ मध्ये मिंट २२ काढताना कॅल्क्युलेटर, स्कॅनिंगचा प्रोग्रॅम अशा काहींच्या जुन्या जीटीके ३ आवृत्त्या परत आणल्या, त्याचं कारण हेच. फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवणाऱ्या पद्धतीनं) घेतलेल्या प्रोग्रॅमांनाही तुमच्या होम फोल्डरातली थीम आपोआप दिसत नाही. हे दोन प्रकार गाळून मग नोंद करा.

समोरासमोर

तो लॅपटॉप घेऊन दुकानात आला की पहिली अडचण आपल्या स्वभावाची असते. पोरानं एवढं खपून केलंय म्हटल्यावर तोंडावर कोण नाव ठेवणार? “चांगलं झालंय की रे,” म्हणून आपण चहा मागवतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

यावर उपाय आहे. मत देऊ नका, काम करून दाखवा. त्याला शेजारी बसवा, वही हातात द्या आणि मधे बोलू नकोस म्हणून सांगा. मग रोजचं गिऱ्हाईक आल्यासारखं काम करा: जातीच्या दाखल्याचा कन्नड फॉर्म भरा, आधार कार्डाची स्कॅन केलेली पीडीएफ शेजारी उघडून नाव ताडून बघा, परत फॉर्मवर या, प्रिंट द्या. तुमचा हात कुठं थांबतो ते त्याला दिसेल. दोन विंडो शेजारी असताना कोणती चालू आहे हे टायटल बारवरून चटकन कळलं नाही, तर तुम्ही खात्रीसाठी एकदा उगाच क्लिक करता. तो उगाचचा क्लिक कुठल्याही लेखी नोंदीत येत नाही, कारण तो आपल्यालाही जाणवत नसतो. या मार्गाची खरी किंमत तिथं आहे.

रंग आवडला की नाही, गोल कोपरे बरे की चौकोनी, हेही समोरासमोरच बोलावं, पण थीम काही दिवस वापरून झाल्यावर. पहिल्या तासात नवं रूप एकतर फार आवडतं किंवा अजिबात आवडत नाही, आणि त्या दोन्हींत फारसा अर्थ नसतो. थीम अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर मात्र आवडीनिवडीचं लवकर बोला. मूळ रंग ठरून त्यावर शेकडो ओळी लिहून झाल्यावर “निळ्याऐवजी हिरवा घे” म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

तोटा उघड आहे: खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला यायचं म्हणजे दिवसातला मोठा तुकडा जातो, आणि बोललेलं विसरलं जातं. वही त्याच्याच हातात का द्यायची, ते यासाठीच.

स्वतः कोड बदलून

सीएसएस, म्हणजे रंग-रूप लिहायची भाषा, येत असेल तर हा मार्ग मोहात पाडतो. जीटीके ३ ची थीम म्हणजे बरीचशी सीएसएसच. इन्स्पेक्टरची सोय चालू करून कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की चालू प्रोग्रॅममध्येच नियम लिहून परिणाम लगेच बघता येतो. दोष नेमका कुठल्या नियमात आहे ते शोधायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

बदल पाठवण्याआधी एवढं विचारा: ही सीएसएस फाईल हातानं लिहिली आहे की सासमधून (सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेतून) तयार होते? तयार होत असेल तर तिच्यात केलेला तुमचा बदल पुढच्या वेळी पुसला जाणार, म्हणून मूळ सासच्या फाईलीत बदल करा. एका वेळी एकच दोष घ्या, आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा, आणि रंग थेट लिहिण्याऐवजी त्यानं ठरवलेल्या रंगांच्या नावांतूनच घ्या, नाहीतर गडद आवृत्तीत तो रंग उपरा दिसतो.

तुमचा बदल तो घेईलच असं नाही, कारण सगळ्या थीमचा मेळ त्याला सांभाळायचा असतो. तेव्हा हट्ट धरू नका. त्या ओळी होम फोल्डरातल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, ‘जीटीके-३.०’ नावाच्या फोल्डरात ‘जीटीके डॉट सीएसएस’ फाईल करून तिच्यात ठेवा. त्या कुठल्याही थीमच्या वर लागू होतात आणि थीमची नवी आवृत्ती आली तरी टिकतात. फक्त नवी आवृत्ती तपासायच्या दिवशी ती फाईल बाजूला काढून ठेवा आणि लॉगआउट करून परत या, म्हणजे तुम्ही जे बघताय ते त्याचंच काम असेल.