चालता चालता बंद पडणारी जुनी पेट्रोल गाडी: स्कॅनर, मेकॅनिक की ऑटो इलेक्ट्रिशियन?

खंबाटकी घाट चढताना गाडी बंद पडते. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली की तासभर चालू ठेवूनही तिला काही होत नाही. पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी असं करायला लागली की मालकापुढे तीन वाटा असतात: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून घ्यायचा, नेहमीच्या मेकॅनिककडे टाकायची, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियन गाठायचा. अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाणं ही चौथी वाट. बहुतेकांचे पैसे त्यातच जातात, म्हणून ती आधीच बाद करा.

कोणाकडे जायचं हे गाडी कशी बंद पडते त्यावर ठरवा. इंजिन एका क्षणात गेलं, आधी काही चाहूलच लागली नाही, तर बहुधा करंटचा मामला असतो: कॉइल (स्पार्कसाठी करंट देणारी), क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते कळवणारा), रिले, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग. उलट आधी आचके दिले, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना आणि मग ती गेली, तर पेट्रोल पोचत नाहीये. आणि रस्त्यावर झकास चालते, फक्त सिग्नलला पाय काढला की किंवा एसी लावला की बंद पडते, तर थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतला) कार्बन, आयडल व्हॉल्व्ह किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाइप आधी बघावा. हा तिसरा प्रकार सर्वांत स्वस्तात सुटतो आणि कोणताही बरा मेकॅनिक तो सोडवतो.

पहिल्या दोन प्रकारांत गफलत होत असेल तर आरपीएमच्या काट्याकडे पाहा. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडलं तरी चाकं ते फिरवत असतात, त्यामुळे पेट्रोल तुटलं असेल तर काटा वेगाबरोबर सावकाश उतरतो. गाडी अजून पळत असतानाच काटा धाडकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर, इग्निशन किंवा त्यांच्या वायरिंगवर संशय घ्यायला हवा. मात्र काट्याकडे पाहण्याआधी गाडी सांभाळा. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. दोष सापडेपर्यंत ही गाडी घेऊन घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता स्कॅनर. लोकांचा त्यावर फार भरवसा असतो, पण जुन्या गाडीत त्याची मर्यादा मोठी. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो लावायला जागाच नाही. २०१० च्या आधीच्या कितीतरी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांशी बाजारातले स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाहीत, कंपनीचंच यंत्र लागतं. ते लावूनही पुष्कळदा ‘कोड नाही’ असं उत्तर येतं, कारण थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, थेट कळत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, बघायला होतो. गाडी बंद पडलेली असताना सेल्फ मारला आणि स्टार्टर फिरत असूनही स्क्रीनवर आरपीएम शून्यच राहिला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर जवळपास पकडलीच.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्कॅनर नसेलही, पण गरम झाल्यावर बिघडणाऱ्या भागांसाठी मी आधी त्याच्याकडेच जाईन. कॉइल, इग्निशन मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर थंड असताना मीटरवर अगदी व्यवस्थित दिसतात. चांगला कारागीर संशयित भागाला हेअर ड्रायरने ऊब देतो आणि मग मोजतो. चालू इंजिनवर हार्नेस (वायरचा जुडगा) हलवून बघतो, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॉडीच्या अर्थपर्यंत व्होल्टेज किती पडतं ते तपासतो. प्लगची वायर हातात धरून स्पार्क बघणारा भेटला तर मात्र गाडी परत घ्या. त्यात शॉक तर बसतोच, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूलही जाऊ शकतं.

पेट्रोलचा संशय असेल तर मेकॅनिक बरा, पण ज्याच्याकडे फ्युएल प्रेशर गेज आहे तोच. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत दाब अडीच ते तीन बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. उभ्या गाडीत दाब बरोबर आला म्हणून पंप चांगला ठरत नाही, चढावर मागणी वाढल्यावर तो टिकतो का ते पाहावं लागतं. जुन्या मारुती ८०० सारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनवरच बसवलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तिथे पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. पंपावर ओलं फडकं ठेवून ती सुरू झाली तर उत्तर मिळालं. कोणतीही जुनी गाडी असो, बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि मग गाडी चालू लागली, तर टाकीत हवा जायची वाट तुंबली आहे, आणि हे बघायला एक पैसाही लागत नाही. आणखी एक गोष्ट, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या टाकीतला साका सुटतो आणि फिल्टर लवकर भरतो, शिवाय जुने रबरी पाइप खराब होतात. या गाड्यांना फिल्टर आणि पाइप वेळेआधीच बदललेले बरे.

तेव्हा झटक्यात बंद पडणारी गाडी इलेक्ट्रिशियनकडे, आचके देणारी गेजवाल्या मेकॅनिककडे. या दोघांना सापडलं नाही आणि गाडी एमपीएफआय असेल, तरच सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे ‘स्कॅन करा’ एवढंच सांगू नका, गाडी गरम करून, सोबत बसून, लाइव्ह डेटा रेकॉर्ड करा असं जॉब कार्डवर लिहून घ्या. ईसीएम बदलायला सांगितलं तर त्याला येणारा करंट, अर्थ आणि क्रँक सेन्सरचा सिग्नल तपासल्याचं दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.