पन्नाशीनंतरची माउंटन बाइक आणि जांबोटीच्या रानवाटा

पुढच्या चाकाला १०० मिलिमीटरचे सस्पेन्शन (धक्के शोषणारी रचना) आणि २९ इंची चाके असलेली ही सायकल मी बावन्नाव्या वर्षी घेतली आणि गेले वर्षभर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीपासून मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबीपर्यंतच्या रानवाटांवर चालवीत आहे. जांभ्याच्या सुट्या खड्यांवरून उतरताना हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक एका बोटाने दाबले तरी पुरतात, त्यामुळे मनगटांवर ताण येत नाही. आमच्या वयात हा गुण वेगापेक्षा मोलाचा आहे. मागच्या चाकाच्या ५१ दात्यांच्या मोठ्या चकतीमुळे पायडल हलके फिरते आणि उभ्या चढावरही गुडघे कुरकुरत नाहीत, आणि कुरकुरले तर उतरून सायकल ढकलण्यात मला कमीपणा वाटत नाही. टायरमधील हवा ४० वरून २८ पीएसआयवर (हवेच्या दाबाचे माप) आणल्यावर तर मुळांवरून घसरणे जवळपास थांबले. सोबत आलेली बैठक मात्र तासाभरात असह्य होते. ती मी बदलून घेतली. पावसाळ्यात लाल चिखल मागच्या चाकाजवळच्या अरुंद फटीत इतका घट्ट बसतो की चाक फिरेनासे होते, म्हणून जून ते सप्टेंबर मी डांबरी रस्त्यावरच समाधान मानतो.