सकर, शार्क, कोरी एकाच टाकीत: दुकानातल्या कॅटफिश सेटचा हिशोब

कोल्हापुरात ॲक्वेरियमच्या दुकानात जाऊन "एकत्र राहतील असे कॅटफिश द्या" म्हटलं की बहुधा ठरलेला सेट पुढे येतो. एक सकर (काचेला चिकटणारा), दोन शार्क (नावापुरतेच, तेही कॅटफिशच), चार कोरी (तळाशी फिरणाऱ्या छोट्या कोरीडोरस) आणि गिऱ्हाईक हौशी दिसलं तर वर एक रेडटेल कॅटफिशचं पिल्लू. सोबत दोन फुटी टाकी आणि रंगीत खडी. सगळे मासे दोन-तीन इंचांचे, सगळ्यांना मिशा, सगळे गरीब दिसणारे. या सेटला पाचपैकी एक गुण, आणि तोही कोरींच्या वाट्याचा.

आधी टाकी बघू. 2 बाय 1 बाय 1 फूट म्हणजे 56 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की 50 सुद्धा उरत नाही. त्यात जाणारा साधा सकर फूट-दीड फुटाचा होतो. शार्क म्हणून मिळतो तो पंगॅशियस, हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तोच. तो मीटरच्या वर जाऊ शकतो, शिवाय भित्रा. दार आपटलं तरी सैरावैरा धावून काचेवर तोंड फोडून घेतो. रेडटेलही मीटर ओलांडतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. घरगुती टाकीसाठी हे दोन्ही बादच. नाद खुळा म्हणून घ्यायचे असतील तर आधी हौद बांधा.

मिशा सारख्या दिसल्या म्हणून जोडी जमत नाही. पूर्ण वाढ किती आणि तोंड किती रुंद, एवढंच बघायचं. कोरी घाबरली की पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे ताठ उभे करून अडकवून ठेवते. मोठ्या कॅटफिशने तिला गिळलं तर काटे घशात रुततात. ती आत जात नाही, बाहेर येत नाही, आणि सकाळी बऱ्याचदा दोन्ही मासे मेलेले असतात.

त्याच दुकानातून नीट निवडून घेतलं तर सेट चांगला बनतो. टाकी 36 बाय 15 बाय 18 इंच, म्हणजे भरून 159 लिटर, प्रत्यक्ष पाणी 130 च्या आसपास. तळाला एकाच जातीच्या सहा ते आठ कोरी. दोन ब्राँझ, दोन पांडा, दोन स्टर्बाय असं भेळमिसळ नको, कारण जात बदलली की कळपही बदलतो. काचा आणि टाकीतल्या लाकडावरचं शेवाळ खायला एक ब्रिसलनोज (सकरचाच छोटा प्रकार), नर असेल तर एकच. मधल्या पाण्यात सहा ग्लास कॅटफिश. तिघांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे भांडण नाही. या सेटला साडेचार. अर्धा कापला तो ग्लास कॅटफिशमुळे: नवीन टाकीत ते टिकत नाहीत, एकटा ठेवला तर खाणं सोडतो. टाकी दोन-तीन महिने नीट चालल्यावरच आणा.

खरेदीत फसगत दोन ठिकाणी होते. पहिली 'अल्बिनो सकर'. त्या नावाखाली ब्रिसलनोजही मिळतो आणि मोठा सकरही. पाठीवरचा पर पसरलेला असताना त्यातले काटे मोजा. दहा किंवा जास्त असतील तर तो मोठा होणारा सकर, सोडून द्या. ब्रिसलनोजला आठच्या आसपास असतात, तोंडही चपटं आणि रुंद, आणि वाढ चार-पाच इंचांत थांबते. दुसरी फसगत 'अपसाइड डाउन', म्हणजे उलटा पोहणारा कॅटफिश. खरा नायग्रीव्हेन्ट्रिस चार इंचांचा, शांत, आणि पोट पाठीपेक्षा गडद. त्याच्या नावावर बऱ्याचदा त्याचाच मोठा भाऊबंद युप्टेरस खपवला जातो. तो आठ इंचांपर्यंत जातो, पाठीवरच्या पराला पुढे लांब झालर फुटते आणि रात्री कोरींना कोपऱ्यातून हाकलतो. पिक्टस हा कॅटफिश देखणा, पण टेट्रासारखे छोटे मासे खातो. या टाकीत नको.

मिशा झडल्या की खापर खडीवर फोडलं जातं. टोकदार खडी वाईटच, पण तिच्या खाली कुजणारं खाणं त्याहून वाईट. रंगीत खडी न घेता गोल कणांची बारीक वाळू इंच-दीड इंच टाका, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन. बांधकामाची वाळू धारदार असते, ती नको.

"कॅटफिश घाण खातात, वेगळं खाणं लागत नाही" हे काउंटरवरचं वाक्य साफ खोटं. तसं ठेवलं तर पोटं आत जातात. दिवे गेल्यावर टाकीच्या दोन टोकांना बुडणाऱ्या गोळ्या टाका, म्हणजे ब्रिसलनोज एका ढिगावर बसला तरी कोरी दुसऱ्यावर खातात. आठवड्यातून दोनदा काकडीची चकती, स्टीलच्या चमच्याला खोचून तळाशी. उरलेली सकाळी काढायची. ग्लास कॅटफिश तळाचं खात नाहीत, त्यांना पाण्यात वाहत येणारं खाणं लागतं.

तापमान 24 ते 26 अंश. इथल्या हिवाळ्यात रात्री पाणी त्याखाली जातं, म्हणून 150 वॅटचा हिटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बदलायचं पाणी आधी हायपो किंवा अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारी औषधं) टाकून तयार ठेवा, आणि आठवड्याला एक चतुर्थांश बदला. कोरी अधूनमधून वर येऊन हवा गिळते, ते नैसर्गिक. मिनिटामिनिटाला यायला लागली तर हवा कमी पडतेय किंवा अमोनिया वाढलाय. या माशांना खवले नसतात किंवा वेगळी कवचं असतात, त्यामुळे तांब्याची औषधं टाळा आणि मालाकाइट ग्रीन हे औषध अर्ध्या मात्रेने वापरा.

घेताना दुकानदाराला मासा जाळीऐवजी मगने धरायला सांगा. काटे जाळीत अडकले की पर फाटतो. पिशवी दुहेरी हवी. मिशा पूर्ण आहेत का, पोट भरलेलं आहे का ते बघा, आणि मोठा झाला तर परत घेणार का हे पैसे देण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर तो मासा रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडणं हा पर्याय नाही. सकर बाहेरच्या पाण्यात तग धरतो आणि पसरतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा काही दिवस बंद होता. अशा वेळी खाणं तिसऱ्या दिवशी आणि निम्मं, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा, वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. नळ परत सुरू झाला की पहिलं पाणी थेट टाकीत ओतू नका. क्लोरीनचा वास तीव्र असेल तर ते बादलीत एअर पंपाने हवा सोडत दिवसभर ठेवा, हायपो टाका, मग दहा टक्के पाणी बदलण्यापासून सुरुवात करा.