आर्डुइनो स्टार्टर किट, पावसाळाभर वापरल्यानंतर: बोर्ड दणकट, वायरी रद्दी

काल विक्रेत्याचा मेसेज आला की आपलं तक्रारीचं तिकीट यशस्वीरीत्या बंद करण्यात आलं आहे. बंद त्यांनी केलं, माझं काम झालेलं नाही, म्हणून हे लिहितेय. किट आलं त्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी पाच तारे दिले होते. आज तीन करतेय.

आर्डुइनो म्हणजे कोड लिहून दिवे, मोटरी, सेन्सर चालवता येतील असा छोटा सर्किट बोर्ड. किटमध्ये काय काय येतं ते लिस्टिंगमध्ये आहेच, त्यात तुमचा वेळ घेत नाही. मी कॉमर्सची. ऑफिसात दिवसभर टॅली, त्यापलीकडे प्रोग्रामिंगशी संबंध नव्हता. गावी गेल्यावर बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी मिळावं एवढ्या एका हेतूने हे घेतलं.

आधी बोर्डाबद्दल, कारण लोक उगाच त्याच्याच मागे लागलेत. आर्डुइनोच्या उनो बोर्डाचा क्लोन, म्हणजे नक्कल आहे, कॉम्प्युटरच्या यूएसबीसाठी सीएच३४० चिप आहे आणि ड्रायव्हर नसेल तर विंडोजमध्ये पोर्टच दिसत नाही. यावरून कितीतरी जणांनी एकेक तारा कापलाय. मला ते पटत नाही. ड्रायव्हर एकदा टाकायचा, विषय संपला. मुख्य चिप ओरिजिनलमध्ये असते तीच, एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ इथे सुरू झालं आणि त्याचं डिझाइन खुलं आहे, त्यामुळे तसाच बोर्ड बनवण्यात गैर काही नाही. त्यावर त्यांचं नाव छापणं तेवढं चुकीचं. माझ्या बोर्डावर नाव नाही, म्हणजे निदान तिथे प्रामाणिकपणा आहे.

आता मूळ दुखणं. जंपर वायरी, म्हणजे भाग एकमेकांना जोडायच्या सुट्या वायरी.

एलईडी लुकलुकवणं, बटण दाबून दिवा लावणं, अल्ट्रासॉनिक सेन्सरने भिंतीचं अंतर मोजणं, इथवर सगळं सुरळीत होतं. त्या सेन्सरला (एचसी-एसआर०४) दहा मायक्रोसेकंदांचा इशारा द्यायचा, प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत घ्यायचा, ५८ ने भागायचं की सेंटिमीटर. टेपने ताडून पाहिलं, बरोबर. मग सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी) जोडली आणि भूतबाधा सुरू झाली. सर्व्हो कधी फिरायची, कधी नुसतीच थरथरायची. सीरियल मॉनिटरवर (बोर्ड पाठवतो ते कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) 'चालू झालो' ही ओळ सुरुवातीला एकदाच यायला हवी, कारण ती सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिलेली. ती पुन्हा पुन्हा यायला लागली. म्हणजे सर्व्हो हलली की बोर्ड रीसेट होत होता.

कस्टमर केअरची गंमत ऐका. त्यांनी आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मग बिघाडाचा व्हिडिओ. मग 'मॅडम, कोड चेक करा'. त्यांच्याच पुस्तिकेतला कोड आहे म्हटल्यावर चार दिवस शांतता. बाजूच्या बिल्डिंगमधल्या डिप्लोमावाल्या मुलाने मल्टिमीटर आणून दिला, म्हणाला, 'काकू, कोड सोडा, आधी व्होल्टेज बघा.' चार्जरच्या टोकाला ५ व्होल्ट व्यवस्थित. तेच दोन वायरींनी ब्रेडबोर्डावर (वायरी खोचून जोडणी करायची भोकांची पट्टी) आणून तिथून बोर्ड आणि सर्व्हो दोघांना दिलं होतं. सर्व्होचं पातं बोटाने धरून ठेवलं की ब्रेडबोर्डावर आकडा चारच्या आसपास उतरायचा. हा झाला मल्टिमीटरला दिसणारा आकडा. मोटर सुरू होतानाचा खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो, तो मीटरला पकडताच येत नाही. उनोवर व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की चिप स्वतःहून रीसेट व्हावी अशी सोय केलेली असते, ब्राउन-आउट म्हणतात त्याला. ती सोय आपलं काम चोख करत होती.

मग एक वायर बळी दिली. मधोमध ब्लेडने सोलली. आत केसासारख्या मोजक्या तारा. फ्रिजवरचं लोहचुंबक जवळ नेलं तर वायर टुणकन चिकटली. तांबं चुंबकाला चिकटत नाही! एक तार ब्लेडने खरवडली तर तांबूस रंग निघून खाली पांढरट लोखंड, ज्यातून वीज तांब्याइतकी सहज जात नाही, म्हणून व्होल्टेज वाटेतच पडत होतं. लिस्टिंगमध्ये 'हाय क्वालिटी कॉपर जंपर' लिहिलंय, वाचून बघा. टोकांना लोखंडी पिना असू शकतात, म्हणून चुंबक वायरच्या मधल्या भागाला लावायचं.

हे सगळं फोटोंसकट पाठवलं. त्यावर त्यांनी काय करावं? नवीन बोर्ड पाठवला. तक्रार वायरींची, बदलून आला बोर्ड, आणि जुना परत न्यायला आजतागायत कुणी आलेलं नाही. वायरी विचारल्या तर 'अ‍ॅक्सेसरीज वॉरंटीमध्ये येत नाहीत'.

शेवटी उपाय फुकटात झाला. इंटरनेटवाल्याने गॅलरीत सोडलेला लॅन केबलचा हातभर तुकडा पडून होता. तो सोलला की आत आठ वायरी, चार रंगीत जोड्या, प्रत्येकीत एकच सलग तार, आणि ब्रेडबोर्डाच्या भोकात अशी घट्ट बसते की उपटावी लागते. (स्वस्त लॅन केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, दोन-चारदा वाकवलं की तुटतं. तिथे चुंबकाचाही उपयोग नाही, खरवडूनच बघावं लागतं.) चार्जरकडून येणारी जोडी बदलली, सर्व्होजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून तो खड्डा भरून काढणारा) लावला. 'चालू झालो' एकदाच आलं.

माझा राग वायरींवर एवढा का, असं वाटेल. नव्याने शिकणाऱ्याला कोड चुकलाय की वायर खराब आहे हे कळायला मार्गच नसतो. दोन आठवडे मी चांगला-भला कोड मोडत होते. हजारो रुपयांच्या किटमध्ये चाळीस-पन्नास रुपये वाचवायचे आणि तेही नेमके अशा ठिकाणी, याला काय म्हणावं?

पुस्तिकेबद्दलही बोलायला हवं. पीडीएफमधून कोड चिकटवला की 'स्ट्रे ३४२' असली एरर येते, कारण छपाईत सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालीत आणि कंपायलरला ती ओळखता येत नाहीत. ती हाताने पुन्हा टाइप करा. पंपाच्या प्रकरणात याहून वाईट आहे. वेळ मोजण्यासाठी त्यांनी इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) वापरलंय. उनोवर इंट १६ बिटांचं, कमाल ३२,७६७. मिलिसेकंदांत हे झाले जेमतेम ३३ सेकंद. त्यानंतर आकडा ऋण होतो आणि पंपाचा हिशोब कोलमडतो. तिथे अनसाइन्ड लाँग (मोठे आकडे मावणारा प्रकार) हवं, ते एकोणपन्नास दिवस पुरतं आणि वजाबाकी नीट लिहिली तर पुढेही अडत नाही. मात्र ही भानगड शोधताना डिले (बोर्डाला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) सोडून मिलिसने (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वेळ सांभाळायला मी शिकले, आणि आख्ख्या किटमधून मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. डिले चालू असताना बोर्ड बाकी काहीच करत नाही. पंप चालू असताना बटण दाबलं तर त्याला पत्ताच नसतो.

सेन्सरांचं थोडक्यात. मातीच्या ओलाव्याचा दोन पायांचा सेन्सर सतत चालू ठेवला तर विद्युत अपघटनाने झिजतो. माझ्या तुळशीच्या कुंडीतल्याचा एक पाय हिरवा-काळा होऊन निम्मा खाल्ला गेला. दुसरा आणल्यावर त्याचा वीजपुरवठा डिजिटल पिनवरून दिला, तासातून एकदा क्षणभर चालू, वाचन, बंद. तो अजून धडधाकट आहे. हवेच्या डीएचटी११ सेन्सरची आर्द्रता ±५ टक्के इकडेतिकडे, डोंबिवलीच्या जुलैत त्याच्यावर विसंबू नका. एल२९८एन ड्रायव्हर (मोटरीला वीज पुरवणारं सर्किट, सॉफ्टवेअर नव्हे) मोटरपर्यंत पोचायच्या आधीच साधारण दोन व्होल्ट गिळतो, त्यामुळे चार पेन्सिल सेलवर पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी मरगळल्यासारख्या फिरतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर किटमध्ये का देतात तेच समजत नाही, तिच्यावर मोटर धड चालत नाही. स्टेपर मोटर अजून पाकिटातच आहे.

वायरी बदलल्यानंतर किट सुखाने चालतंय. गणपतीला आठवडाभर कोकणात होतो, कुंड्या हिरव्या सापडल्या. म्हणून मघाशी लिहिलेले तीन तारे साडेतीन करावेसे वाटतात, पण अर्ध्याची सोय नाही, तेव्हा तीनच. घेणारच असाल तर किट येण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिंगल स्ट्रँड हुकअप वायर मीटरवर आणून ठेवा. सेंट्रल रेल्वेवाल्यांनी दादरला बदलून ग्रँट रोडला उतरायचं. दुकानदाराला बावीस गेज सांगा, आणि चुंबक खिशात असू द्या.

तिकीट बंद झाल्याच्या त्याच मेसेजखाली पाच तारे दिल्यास पन्नास रुपयांचं कूपन मिळेल असंही लिहिलंय. उघडून बघितलं. ते फक्त पूर्ण किटवर चालतं, वायरींवर नाही.