मिनी-कॉग की मोका?

नुकताच दवाखाना सुरू केलेल्या डॉक्टर मैत्रिणीने विचारलं: विसरायला लागलेल्या आजी-आजोबांसाठी मिनी-कॉग आणि मोका या स्मरण-आकलन तपासणाऱ्या चाचण्यांपैकी कोणती ठेवू?

वेळेत मिनी-कॉग जिंकते. तीन शब्द लक्षात ठेवा, कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, शब्द पुन्हा सांगा. तीनेक मिनिटांत आटोपतं. मोकाला दहा-पंधरा लागतात, शिवाय रीतसर प्रशिक्षण.

बारकाव्यात मोका सरस. तिच्या 30 गुणांत लक्ष, भाषा, नियोजनही येतं, म्हणून स्मरण-आकलनातली सौम्य घटही सापडते. 5 गुणांच्या मिनी-कॉगमधून ती निसटू शकते.

खरा पेच शिक्षणाचा. 12 वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना मोका एकच गुण वाढवून देते. शाळेत कधीच न गेलेल्या आजींना तो कसा पुरणार? हातात पेन्सिलच न धरलेल्यांना घड्याळही अडवतं. तिथे घरच्यांना विचारावं: पैशांचा हिशेब, औषधं, नेहमीचा रस्ता, यांत वर्षभरात काय बदललं?

गुण कमी आले तरी ते निदान नव्हे. ऐकू येतं का, बी-12, थायरॉईड, नैराश्य हे आधी तपासायलाच हवं.

गर्दीच्या ओपीडीत मिनी-कॉग ठेव. शिकलेले, व्यवहार नीट सांभाळणारे, पण स्वतःच ‘काहीतरी चुकतंय’ म्हणणारे असतील, तर वेगळी वेळ देऊन मोका कर.