गच्चीवरची वीज: नुसतं नेटमीटर की सोबत बॅटरी?

गच्चीवर पॅनेल लागल्यापासून ओळखीतला प्रत्येकजण आधी एकच विचारतो, "म्हणजे आता लाइट गेली तरी तुमच्याकडे चालूच?" नाही. साधी ऑनग्रिड यंत्रणा महावितरणच्या लाइनला जोडूनच चालते आणि लाइन गेली की तिचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपणहून बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून उलटा आलेला करंट लागू नये, म्हणून ही सोय. डोक्यावर कडक ऊन आणि घरात पंखा बंद, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे कसं पाहिलं ते अजून आठवतं.

बिल कमी करायचं असेल तर मात्र याला तोड नाही. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. दुपारी जास्तीची वीज लाइनवर जाते, रात्री आपण ती परत वापरतो, नेटमीटर दोन्हीचा हिशेब ठेवतो. थोडक्यात, लाइन हीच आपली बॅटरी, तीही फुकटातली. उन्हाळ्यात साठलेली युनिटं पावसाळ्यात कामी येतात. पण मार्चअखेर उरलेली शिल्लक फार कमी दराने घेतली जाते, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात काही अर्थ नाही.

केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि ३ किंवा त्याहून जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीचं हवं आणि यंत्रणा लाइनला जोडलेली हवी. खरा फरक पडतो तो तुमच्या बिलाच्या स्लॅबमुळे, म्हणजे वापराप्रमाणे बदलणाऱ्या दराच्या टप्प्यामुळे. १०० युनिटांच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो. महिना अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराला २ किलोवॉट पुरतं आणि पैसे तीन-चार वर्षांत सुटतात. ज्यांचं बिल सत्तर-ऐंशी युनिटांतच भागतं, त्यांनी निव्वळ बचतीसाठी घाई करू नये. 'झिरो बिल' म्हणतात त्यातही स्थिर आकार येतोच.

आता बॅटरी. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, हाती त्याहून बरीच कमी लागतात. दीड टनाचा एसी तासाभरात ती संपवेल. चार-पाच वर्षांनी ती बदलायची, मधेमधे पाणी घालत राहायचं. लिथियम जास्त टिकते, पण किंमत ऐकून माणूस गप्प होतो. आणि अनुदान पॅनेलवर असतं, बॅटरीवर नाही.

जागा बघताना उन्हापेक्षा सावलीची चौकशी करा. आमच्याकडे बसवणाऱ्याने सकाळी दहाला येऊन मापं घेतली. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते हे त्याने पाहिलं नाही, मीही नाही. पॅनेलं एकापुढे एक माळेसारखी जोडलेली असतात, त्यातलं एक झाकलं तरी अख्खी माळ मंदावते. शेवटी टाकी हलवावी लागली. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हेही अर्धंच खरं. पॅनेल तापलं की दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणून पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. धूळ आठवड्याला पुसा, तीही सकाळी, काच गार असताना.

कुडाळजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाला हायब्रिड, म्हणजे लाइनसोबत बॅटरीही जोडलेली यंत्रणा घ्यायची होती, कारण पावसात त्याच्याकडे लाइट दोन-दोन दिवस येत नाही. पण मेख अशी की लाइट जाते तेव्हाच आभाळही भरलेलं असतं. तेव्हा बॅटरी पॅनेलवर पुरती भरत नाही, लाइन असते तेवढ्या वेळात लाइनवरच भरून घ्यावी लागते. मग ते काम घरातला नेहमीचा इन्व्हर्टरही करतोच की! त्याने गच्चीवर ३ किलोवॉट ऑनग्रिड घेतलं, जुना इन्व्हर्टर तसाच ठेवला, फक्त बॅटरी नवी घातली. तिच्यावर चार दिवे, दोन पंखे आणि वायफाय. विहिरीचा पंप जोडू का म्हणून विचारत होता, त्याला नको म्हटलं.